प्रोजेक्टरचे तेलपाणी

चित्रपटगृहे डिजिटल झाली आणि ३५ मि.मी.चे प्रोजेक्टर किलोच्या भावाने भंगारात निघाले. आपल्या बांधवांपैकी पुष्कळजण जुन्या मालाच्या धंद्यात आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याच्या गोदामात असे यंत्र पडलेले असतेच. चालू यंत्राला शौकीन गिऱ्हाईक भंगारापेक्षा बराच जास्त दाम देते. सिनेमा पाहावा की नाही हा प्रश्न उलेमांचा. आम्ही येथे लोखंड आणि तेल एवढ्यापुरतेच लिहीत आहोत.

आम्ही कापडवाले. या भानगडीत पडलो ते एका उधारीपायी. पैशांऐवजी एकाने १६ मि.मी.चा प्रोजेक्टर आणून ठेवला. आम्ही प्लग लावला, यंत्र फिरले, आणि खुशीत ते एका ओळखीच्या माणसाला विकून टाकले. पहिल्याच संध्याकाळी पंधरा मिनिटांत ते अडकून बसले. आतले जुने ग्रीस सुकून डिंकासारखे झाले होते आणि त्या ओझ्याने प्लास्टिकच्या वर्म गियरचे दाते गेले. रक्कम परत करावी लागली. मालात ऐब होता आणि तो आम्ही सांगितला नव्हता. आम्हाला ठाऊक नव्हते, ही सबब व्यवहारात चालत नाही. त्यानंतर एका म्हाताऱ्या ऑपरेटरजवळ बसून जे शिकलो ते खाली देत आहोत.

यंत्र हाती येताच वीज जोडू नये. प्रथम हाताची मूठ सावकाश फिरवावी. जड लागली किंवा मध्येच अडली तर जोर करू नये. रबरी पट्टा डांबरासारखा चिकट झाला असेल तर तो आधी काढावा. सुकलेले ग्रीस लाकडी काडीने खरवडून, थोड्या घासलेटात भिजवलेल्या फडक्याने पुसावे. पेट्रोल वापरू नये, आगीचा धोका असतो. रबराला घासलेट लागू देऊ नये. फडक्याबाबत आमचा शब्द प्रमाण मानावा: कोऱ्या कापडात खळ असते आणि होजिअरीच्या चिंध्यांचे तंतू सुटतात. दोनतीनदा धुतलेले जुने मलमल सर्वांत उत्तम.

३५ मि.मी.च्या यंत्राचा जीव माल्टीज क्रॉसमध्ये असतो. फिल्म सारखी सरकत नाही. एक चित्र थांबते, मग दुसरे येते. हे काम चार खाचांचा क्रॉस आणि त्याला ढकलणारी पिन करते. पिन असलेली चकती एकदा फिरली की क्रॉस पाव फेरा घेतो, सोळा दात्यांचे चाक चार छिद्रे पुढे जाते आणि एक चित्र बदलते. सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला १,४४० वेळा. साध्या पॉवरलूमचा धोटा मिनिटाला दीडशेच्या आगेमागे फेऱ्या करतो, यावरून अंदाज यावा. अडीच तासांच्या चित्रपटात हा क्रॉस २,१६,००० झटके खातो. म्हणून तो बंद डबीत तेलात बुडवून ठेवलेला असतो.

या डबीला काचेची खिडकी असते. तेल खुणेपर्यंतच असावे. कमी असेल तर पोलाद पोलादावर घासते आणि पडद्यावर चित्र थरथरू लागते. जास्त भरले तर बाहेर गळून फिल्मवर जाते, धूळ धरते आणि आवाजाच्या पट्टीवर बसून खरखर करते. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि डबी पूर्ण रिकामी करावी. थोडा वेळ यंत्र चालवून तेल कोमट झाले की सोडावे, म्हणजे गाळही निघतो. नवे तेल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या जाडीचे, साधे खनिज तेल असावे. मोटारीच्या तेलात मैल तरंगत ठेवणारे औषध असते. मोटारीला फिल्टर आहे, या डबीला नाही. शिलाई मशीनचे तेल पातळ असते. छोट्या ८ आणि १६ मि.मी. यंत्रांच्या बेअरिंगला ते चालते, क्रॉसच्या डबीत घालू नये. खोबरेल तर कोठेच नको, ते काही महिन्यांत चिकट होते.

बाकीच्या छिद्रांत एक थेंब, फार तर दोन. काही बुश सच्छिद्र पितळी धातूचे असतात आणि स्वतःच तेल धरून ठेवतात. त्यांत ग्रीस कोंबले की तेलाची वाट बंद होते. असे बुश घासलेटाने धुऊ नयेत, आतले तेल निघून जाते.

फिल्म जेथून सरकते त्या गेटला तेल अजिबात लावू नये. तेथे फिल्मचा मसाला चिकटून खडे होतात. ते लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावेत. स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तर जो ओरखडा पडेल तो पुढे प्रत्येक फिल्मवर रेघ ओढील.

दिव्याच्या घरात हात घालण्यापूर्वी खबरदारी घ्यावी. झेनॉनचा दिवा थंड असतानाही आत दाब असतो, फुटला तर काचा डोळ्यांत जातात. जाणकाराशिवाय त्याला हात लावू नये. जुन्या कार्बनच्या दिव्यात वायरींना ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असू शकते, ते झाडूने झाडू नये.

पावसाळ्यात यंत्रावर प्लास्टिक टाकू नये, खाली ओल कोंडते. सुती चादर घालावी आणि महिन्यातून एकदा हाताने चारदोन फेरे द्यावेत. लेन्स काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, नाहीतर तिला बुरशी धरते. विकताना खिडकीतले तेल आणि गियरचे दाते गिऱ्हाइकाला स्वतः दाखवावेत, आणि ज्या दात्याला तडा आहे त्यावर बोट ठेवून सांगावे.