दृश्य, ध्वनी आणि भावना

ज्येष्ठ सरता सरता संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते. परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि रथाभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. पुढे बेलवाडीच्या मैदानावर अश्वांचे गोल रिंगण होते आणि सोहळा निमगाव केतकीवरून इंदापूरकडे सरकतो. या वाटेवर उभा असलेला माणूस सोहळा नुसता पाहत नाही. मृदंगाचा ठोका त्याच्या छातीत उमटतो. बुक्क्याचा आणि भिजल्या लोकरीचा वास त्याच्या नाकाशी येतो, गर्दीचा रेटा खांद्याला जाणवतो, कोणी हातावर ठेवलेल्या प्रसादाची चव जिभेवर राहते. अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती उचलून तो कपाळी लावतो.

हाच सोहळा पडद्यावर दाखविला, तर प्रेक्षकाजवळ डोळा आणि कान एवढी दोनच इंद्रिये उरतात. गंध, स्पर्श आणि चव पडद्यावरून पोहोचत नाही. तरीही दूर शहरात बसलेल्या एखाद्या वृद्धेचे हात रिंगणाचे दृश्य पाहताच आपोआप जोडले जातात. जी तीन इंद्रिये पडद्याने वगळली, ती तिने स्वतःच्या आठवणीतून भरून काढलेली असतात. चित्रपटाचे आणि एकूणच दृक्‌श्राव्य माध्यमांचे सामर्थ्य येथे आहे, आणि त्यांचा धोकाही येथेच आहे. शाळेत, ग्रामसभेत वा शिबिरात चित्रफिती दाखविणाऱ्या शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी हा व्यवहार कसा घडतो हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

जिजाईची चप्पल

तुकोबांच्याच चरित्रावरील ‘संत तुकाराम’ हा चित्रपट प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली पुण्यात निर्माण केला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबा आणि गौरी यांनी जिजाई उभी केली. या चित्रपटात विमान आहे, चमत्कार आहेत, परंतु प्रेक्षकाच्या मनात ठसते ती जिजाई. तिची म्हैस, तिची चूल, रानात नवऱ्यासाठी नेलेली भाकरी, आणि मूल आजारी पडले असता पायातली चप्पल हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघालेले तिचे ते रूप! भाकरीची चव आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा ज्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता, त्याला जिजाईचे घर परके वाटण्याचे कारण नव्हते. घर खरे वाटले म्हणून विमानही खरे वाटले. केशवराव भोळे यांच्या संगीताचा परिणाम तर असा, की शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले.

चमत्कारापेक्षा चूल अधिक पटते, हा धडा प्रचारपट तयार करणाऱ्यांनी अद्याप पुरता घेतलेला दिसत नाही. आपल्या माहितीपटांना निवेदनाचा सोस फार. दृश्य बोलू लागले न लागले तोच निवेदक त्यावर आकडे ओततो आणि उरलेली पोकळी सतारीने भरून काढली जाते.

रस आणि वासना

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रसाची उपपत्ती सांगताना दृष्टान्त दिला तो भोजनाचा. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा जसा त्यातील रसाचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून निष्पन्न झालेल्या रसाचा आस्वाद घेतो. भावना ही मनाची गोष्ट. पण ती समजावण्यासाठी शास्त्रकाराला जिभेकडे यावे लागले, हे लक्षणीय आहे. उसाच्या मुलखात ‘रस’ हा शब्द वेगळा समजावून सांगण्याची गरजही पडू नये. पुढे अभिनवगुप्ताने एक मोलाची भर घातली. प्रेक्षकाच्या ठायी त्या भावनेचा संस्कार, म्हणजेच वासना, आधीपासून असावी लागते. ती नसेल तर रंगमंचावर काहीही घडले तरी रसनिष्पत्ती होत नाही.

इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे उदाहरण घ्यावे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते मंदिर पुन्हा उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे व चित्रफिती सर्वत्र फिरतात. भिगवणच्या पाणथळीवर उतरणारे रोहित पक्षी पाहावयास आलेल्या शहरी पर्यटकाला ते एक सुंदर दृश्य वाटते. त्याच्या ठायी अद्‌भुत रस जागा होतो. ज्याची जमीन, वाडा आणि वाडवडिलांचा पार त्याच पाण्याखाली आहे, त्याला तेच दृश्य करुणाचा अनुभव देते. चित्र एकच, प्रकाश एकच. पर्यटनाची फीत धरणग्रस्तांच्या वस्तीत दाखविताना हा भेद जर दाखविणाऱ्याच्या ध्यानी नसेल, तर सभा का उठून गेली याचा उलगडा त्याला होणार नाही.

कानाचे काम

दृक्‌श्राव्य माध्यमात डोळ्याला मान मिळतो आणि कानाला दुय्यम लेखले जाते. वस्तुतः भीती, वात्सल्य आणि विरह या भावना पुष्कळदा कानावाटे आत शिरतात. उजनी जलाशयाच्या पलीकडच्या काठी असलेल्या करमाळा तालुक्याचे सुपुत्र नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ हा चित्रपट त्याच परिसरात चित्रित केला. २०१६ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटातील गाण्यांवर अवघा महाराष्ट्र नाचला. पण शेवट निःशब्द आहे. जातीच्या अभिमानापायी झालेली हत्या प्रत्यक्ष घडताना दाखविलेली नाही. लहान मूल दारातून आत येते, परत फिरते, आणि त्याच्या पावलांचे ठसे मागे उमटत जातात. त्या वेळी पडद्यावरील सर्व ध्वनी थांबविलेला आहे. दोन-अडीच तास संगीताने भारावलेल्या कानाला ही शांतता असह्य होते. येथे एखादे करुण गीत वा उपदेशपर भाषण घातले असते, तर प्रेक्षक रडून मोकळा झाला असता. शांततेने त्याला मोकळे होऊ दिले नाही.

तोडलेली फीत

१९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग चित्रपटाच्या अभ्यासात नेहमी सांगितला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने कधी सूपाच्या ताटलीला, कधी शवपेटीला, कधी खेळणाऱ्या बालकाला जोडून दाखविला. चेहऱ्याचा तुकडा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि माया अशा निरनिराळ्या भावना दिसल्या. दृश्याचा अर्थ त्याच्या आधी आणि नंतर काय जोडले आहे यावर ठरतो, हा त्याचा निष्कर्ष.

या निष्कर्षाची भयंकर प्रचिती जवळजवळ शंभर वर्षांनी भारतात आली. कराचीत बालसुरक्षेच्या मोहिमेसाठी एक लघुपट तयार करण्यात आला होता. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, मग परत येऊन ते सुखरूप सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात, असे त्याचे कथानक. कोणीतरी शेवटचा भाग तोडला. मूल उचलून नेण्याचे तेवढे दृश्य ‘मुले पळविणारी टोळी’ म्हणून २०१८ साली देशातील अनेक राज्यांत भ्रमणध्वनीवरून फिरले. ज्या फितीचा हेतू दक्षता हा होता, तिने निव्वळ भय पेरले.

अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुले पळविणारे समजून ठार मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी ही माणसे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तेथे आली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले, ही गोष्ट प्रत्येक पंचायत सदस्याने लक्षात ठेवावी अशी आहे. जमावातील लोक जन्मजात क्रूर होते असे मानणे सोपे आहे. परंतु लेकराविषयीची माया, जी एरवी माणसाला माणूस बनविते, तिलाच पडद्यावरील तुटक्या दृश्याने आणि ऐकीव शब्दाने भलत्या वाटेला लावले. डोळ्याने पाहिलेले खोटे असू शकते ही शंका घ्यावयास मायेला उसंत मिळाली नाही.

ऐका, बोला, करा

उसंत मिळवून देण्याचा एक प्रयोग पुणे जिल्ह्यात फार पूर्वी झाला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे जिल्ह्यासह पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रवणमंच स्थापन केले. आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे दहा आठवडे अर्ध्या तासाचे कार्यक्रम प्रसारित करण्यात आले. गावातील वीसेक माणसे एकत्र बसून ते ऐकत आणि रेडिओ बंद झाल्यावर त्यावर चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या उपक्रमाचे मूल्यमापन केले. मंच असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ आढळली. जेथे रेडिओ होता पण मंच नव्हता, तेथे ही वाढ अल्पच होती. म्हणजे कानावर शब्द पडणे पुरेसे ठरले नाही. शेजाऱ्याच्या तोंडून शंका निघाली, तेव्हा तो शब्द आपला झाला. बारामतीत विद्या प्रतिष्ठानने सुरू केलेल्या ‘वसुंधरा वाहिनी’सारख्या समुदाय रेडिओने तर बोलणारा आणि ऐकणारा यांतील अंतरच कमी केले, ओळखीच्या बोलीतील आवाजाला कान लवकर रुजू होतो.

आता एक व्यावहारिक उदाहरण. नीरा डाव्या कालव्याखालील बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिल्यामुळे पुष्कळ जमिनी खारवट आणि चोपण झाल्या. या विषयावर चित्रफीत दाखवावयाची असल्यास आम्लविम्ल निर्देशांकाच्या तक्त्याने आरंभ करण्याची पद्धत आहे. तक्ता आवश्यक आहे, पण तो नंतर यावा. आधी पहाटेच्या उजेडात रानावर फुललेले पांढरे मीठ दिसावे, चिकट ढेकूळ फोडू पाहणारा हात जवळून दिसावा, कुदळ आपटल्याचा बद्द आवाज निवेदनाविना ऐकू यावा. ज्याने ती माती हाताळली आहे त्याच्या बोटांना तो चिकटपणा लगेच आठवेल. शेजारी निचऱ्याचे चर काढलेल्या रानाचे भुसभुशीत ढेकूळ त्याच हातात फुटताना दाखविले, की भय आणि उपाय एकाच फितीत येतात; शेवट तोडलेला राहत नाही. त्यानंतर निचरा, जिप्सम, हिरवळीची खते आणि ठिबक यांविषयीचे आकडे सांगितले, तर ते ऐकण्यास माणूस तयार असतो.

मात्र कार्यक्रमाची वेळ ठरविताना फितीला वीस मिनिटे आणि बोलण्याला तासभर असा हिशेब धरावा. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते. फीत संपताच आभार मानले जातात आणि यंत्र गुंडाळले जाते. खुर्च्या ओळीने न मांडता लोकांना एकमेकांची तोंडे दिसतील असे बसवावे, स्त्रियांना मागच्या भिंतीशी न ठेवता पुढे घ्यावे, आणि पहिला प्रश्न अधिकाऱ्याने विचारू नये. ज्याचे रान खारवट झाले आहे असा एखादा शेतकरी सभेत असतोच. त्याने आपल्या रानातील ढेकूळ पिशवीतून आणले असल्यास ते हातोहात सर्वांकडे फिरू द्यावे.