भाताची नवी लागण : शिकायची कोणी?



मृगाचा पाऊस लागला की मच्छे, पिरनवाडी, झाडशहापूर, देसूर, येळ्ळूरच्या शिवारात एकच गडबड उडते. वरच्या अंगाच्या जमिनीत कुरीने केलेली धूळवाफ पेरणी उगवून येते, तर पाण्याच्या शेतांत चिखल करून रोप लागण सुरू होते. गेल्या काही वर्षांत या रोप लागणीच्या नव्या पद्धतींविषयी पुष्कळ बोलले गेले. त्या पद्धती कोणत्या, त्यांच्यामागे काय विचार आहे, आणि आपल्याकडे त्या पुरेशा का रुजत नाहीत, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

आपला शेतकरी नवे घेत नाही असे म्हणण्याची एक फॅशनच झाली आहे. ते मला मान्य नाही. १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी हे वाण बाहेर पडले. ते आपल्या भागात किती लवकर आले, हे वाचकांना ठाऊक आहेच. बेळगाव बासमती पिकवणाऱ्या घरांनीही दोन वाफे इंद्रायणीला दिले. पण वाण पिशवीतून मिळते. दुकानात पैसे दिले, पिशवी घरी आणली, की काम झाले. पद्धत मात्र अशी विकत आणता येत नाही. ती कोणी तरी शिकावी लागते, आणि नेमके कोणी शिकायचे येथेच घोटाळा होतो.

आता थोडे दूर जाऊ. आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. तेथील लोकांचे मुख्य अन्न आपल्यासारखेच भात. फादर आंरी द लोलानिए हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू १९६१ साली तेथे गेले. धर्मगुरू होण्यापूर्वी त्यांनी शेतीचे रीतसर शिक्षण घेतले होते. आंत्सिराबे या गावी त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक लहानशी शेतीशाळा चालवली. १९८३ साली तेथे वेळेची अडचण आली आणि महिनाभराचे रोप लावण्याऐवजी अवघ्या १५ दिवसांचे रोप लावावे लागले. तेही एकेक काडी, २५ सेंटिमीटरच्या अंतरावर. पहिला महिनाभर शेत अगदी केविलवाणे दिसत होते. पुढे मात्र एकेका रोपाला वीस-वीसहून अधिक फुटवे आले. फादरांनी पुढच्या वर्षांत आणखी कोवळी, १२, १०, ८ दिवसांची रोपे लावून पाहिली. त्यातून जी पद्धत तयार झाली तिला आज जगभर ‘श्री’ पद्धत म्हणतात. फादर लोलानिए १९९५ साली वारले. त्यानंतर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक नॉर्मन अपहॉफ यांनी ही पद्धत देशोदेशी नेली.

यामागचे कारण समजून घ्यावे. भाताचे रोप साधारण चौथ्या पानाच्या सुमारास फुटवे काढू लागते. आपण महिनाभराचा तरवा उपटतो तेव्हा त्याची मुळे तुटतात, आणि फुटव्यांचा पहिला, सर्वांत जोमदार काळ तरव्याच्या दाटीतच निघून गेलेला असतो. कोवळे रोप दोन-तीन पानांवर असताना मातीसकट अलगद उचलून लावले तर त्याला हा धक्का बसत नाही. एका जागी पाच-सहा काड्या कोंबल्या की त्या एकमेकींशी झगडतात. एकच काडी मोकळ्या जागेत पसरते. शेतात सदासर्वदा पाणी तुंबलेले असले की मुळांना हवा मिळत नाही, म्हणून या पद्धतीत जमीन ओली ठेवतात, बुडवत नाहीत. पाणी नसल्याने तण माजते, त्यासाठी ओळींतून फिरते कोळपे चालवायचे. तण तेथल्या तेथे चिखलात गाडले जाते.

हे सारे ऐकून एखाद्याला वाटेल की सोन्याची खाणच सापडली. तसे नाही. २००४ च्या सुमारास काही नामवंत शास्त्रज्ञांनी या पद्धतीच्या फार मोठ्या उत्पन्नाच्या दाव्यांवर जाहीर शंका घेतली आणि तो वाद बराच काळ चालला. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट खुद्द मादागास्करची आहे. तेथे अभ्यासकांनी गावोगाव चौकशी केली (त्यांचा लेख २००३ साली छापून आला), तेव्हा दिसले की पद्धत शिकलेल्या अनेक कुटुंबांनी ती पुढे सोडून दिली होती. पीक वाढत नव्हते म्हणून नव्हे. लावणीच्या दिवसांत गरीब घरातील धान्य संपलेले असते, तेव्हा त्याला दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावे लागते, आणि नवी पद्धत त्याच दिवसांत स्वतःच्या शेतावर अधिक हात मागते. पोट आज भरायचे की चार महिन्यांनी, असा तो प्रश्न होता. गरिबाला अडाणी ठरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आपल्या जवळचे उदाहरण पाहू. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती कोकणात चांगली परिचित आहे. तरव्यात भाताच्या तुसाची काळी राख आणि शेतात पिंजर, हे पहिले सूत्र. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, हे दुसरे. तिसरे म्हणजे दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरचे अंतर आलटून पालटून धरत दोन-तीन रोपांची लावणी. चौथे, अशा प्रत्येक चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणे. ही गोळी २.७ ग्रॅमची असते. वर फेकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते. खोल खोचलेले मुळांपाशी राहते. युक्ती साधी आणि शहाणपणाची आहे. पण जरा हिशोब करा. एकरी सुमारे २५,००० गोळ्या होतात. म्हणजे २५,००० वेळा कोणी तरी वाकून चिखलात बोट खुपसायचे. ते ‘कोणी तरी’ कोण, हे सांगायला नको.

एका घरची हकीकत सांगतो. घरधनी औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा, पण शेतीची आवड असलेला. त्याने एका मेळाव्यात ‘श्री’ पद्धत ऐकली, कागदावर टिपून आणली आणि अर्धा एकर तिच्यासाठी ठेवला. लागणीच्या दिवशी बायकांची टोळी पैऱ्यावर आली. याने बांधावरून सांगितले, एकेकच काडी लावा. टोळीतली म्हातारी हसून म्हणाली, “बाळा, एक काडी लावून पोट भरतंय काय?” याची पाळीची वेळ झाली आणि हा सायकल काढून गेला. संध्याकाळी येऊन पाहतो तो निम्म्या शेतात चार-चार काड्या, उरलेल्यात अंतराचा पत्ता नाही. तरवाही दहा दिवसांचा असताना नेहमीसारखा मुठीने उपटून, मुळे धुऊन आणला होता. पुढे तणही झाले. त्याने जाहीर केले की पद्धत खोटी आहे.

चूक त्या म्हातारीची होती का? तिने चाळीस-पन्नास पावसाळे इरले पांघरून लागण केली. एक काडी गोगलगायीने खाल्ली, खेकड्याने तोडली, तर जागा रिकामी राहते, हे तिने डोळ्यांनी पाहिले आहे. पाच काड्या हा तिचा विमा होता. तिला कोणी चौथ्या पानाची गोष्ट सांगितलीच नव्हती. मेळाव्याला तिला बोलावणे नव्हते, कारण जमिनीचा उतारा तिच्या नावावर नाही.

शेतकऱ्यांना हाताने काम करून शिकवावे या हेतूने आपल्या देशात कृषी विज्ञान केंद्रे निघाली. पहिले १९७४ साली पुदुच्चेरीला सुरू झाले. आपल्या जिल्ह्यात ती तुक्कानट्टी आणि मत्तीकोप्प येथे आहेत, दोन्ही मच्छेपासून लांब. भाताची विचारपूस करायची तर धारवाडजवळ मुगद येथे कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. गंमत पाहा, १९९८ साली स्थापन झालेले तंत्रज्ञान विद्यापीठ आपल्या मच्छेच्या माळावर उभे आहे, पण लागण करणाऱ्या बाईला शिकायला बसण्याची जागा गावात नाही. शिबिरे दुपारी भरतात, जेव्हा ती शेतात असते. माहितीपत्रके कन्नडमध्ये असतात, आणि तिला वाचता आले तरी मराठीच येते. म्हणून माझे मत असे की शिकवणाऱ्यालाच बांधावर आणावे, लागणीच्या ऐन दिवशी, आणि त्या दिवसाचा पगार टोळीला पूर्ण द्यावा. पहिल्या वर्षी हात सावकाश चालतो. तो तोटा टोळीच्या माथी मारू नये.

ज्यांना यंदा करून पाहायचे आहे त्यांनी एका गुंठ्यापासून सुरुवात करावी. बल्लारी नाल्याच्या काठची खोलगट शेते यासाठी घेऊ नयेत. तेथे आषाढात पाणी चढते आणि बोटभर रोप बुडून कुजते. पाणी काढून देता येईल असा वरचा वाफा निवडावा. एका गुंठ्याला ५० ग्रॅम बियाणे पुरे होते, कारण २५ सेंटिमीटरच्या अंतराने जेमतेम १,६०० रोपे लागतात. एकराला हेच बियाणे दोन किलो होते. शेणखत मिसळलेल्या गादीवर बी विरळ टाकावे. ८ ते १२ दिवसांनी खुरप्याने मातीसकट उचलून अर्ध्या तासाच्या आत लावावे, खोल दाबू नये. काही काड्या मरणारच, म्हणून कडेला थोडी रोपे राखून आठवड्याने सांधावीत. दहा-बारा दिवसांनी पहिली कोळपणी, मग दर दहा दिवसांनी, अशा तीन-चार. फिरते कोळपे घेताना ते बाईच्या हाताला पेलते का, दांडा तिच्या उंचीला बसतो का, हे तिलाच चालवायला देऊन पाहावे. नाही तर कंबर धरते आणि कोळपे गोठ्यात पडून राहते. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. चिखलात काम करून आल्यावर ताप व अंगदुखी झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. तो लेप्टोचा ताप असू शकतो.

शेजारच्या गुंठ्यात नेहमीची लागण ठेवावी. गणपतीच्या सुमारास दोन्हीकडच्या दहा-दहा चुडांचे फुटवे टोळीतल्या बायकांकडूनच मोजून घ्यावेत. दोन्ही गुंठ्यांचे भात वेगळे झोडून, वेगळे मापून आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवावेत, आणि त्याच्या बाजूला दोन्हींची मजुरी किती दिवसांची झाली तेही लिहावे.