मॉरिशसमध्ये गोल्फ खेळायचे आहे

प्रश्न : सैन्यात असताना गोल्फची गोडी लागली. आता रिसोडला शेती बघतो. पत्नीसह मॉरिशसला जाऊन खेळायचा विचार आहे. कधी जावे?
— एक वाचक, रिसोड

उत्तर : जरूर जा. जानेवारी ते मार्च मात्र टाळा. तो तिकडचा उन्हाळा, चक्रीवादळांचा काळ. मे ते नोव्हेंबर हवा कोरडी असते. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो आणि पूर्व किनाऱ्यावर चेंडू भलतीकडेच जातो. माझे मत विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा.

पूर्वेला इल ओ सर्फ या छोट्या बेटावर बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले अठरा होलचे मैदान आहे. तिथे होडीनेच जावे लागते. काही ठिकाणी पाण्यावरून फटका मारायचा असल्याने चेंडू खूप हरवतात. जास्तीचे डझनभर घरूनच न्या. क्लब भाड्याने मिळतात, पण हात बसलेला स्वतःचा संच असेल तर विमान कंपनीचे सामानाचे नियम आधी विचारा. पहिला मुक्काम वाकोआ शहरात ठेवा. तिथले जिमखान्याचे मैदान १८४४ सालचे. वारा फार असेल तर पश्चिमेचे तामारिना मैदान बरे.

भारतीयांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग जवळ ठेवा. विमान मुंबईहून. रिसोडहून निघताना मध्ये एक दिवस मोकळा ठेवा, धावपळ करू नका.

आणि गणेश चतुर्थी चुकवू नका. तिथे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोकणी मजुरांचे वंशज गणपती बसवतात, विसर्जनाला समुद्रावर येतात. वहिनींना तो दिवस मैदानापेक्षा जास्त आवडेल.