सागराचे रसायन आणि सामोआच्या विदुषी



जगाच्या नकाशात न्यूझीलंडच्या ईशान्येला, प्रशांत महासागरात, सामोआ नावाचा लहानसा देश सापडेल. उपोलू आणि सवाई ही त्याची दोन मोठी बेटे, आपिया ही राजधानी आणि लोकसंख्या सुमारे दोन लाख. १९६२ साली हा देश स्वतंत्र झाला. पुढे १९६८ साली फिजीत दक्षिण प्रशांत विद्यापीठ सुरू झाले आणि १९८४ साली सामोआचे स्वतःचे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले.

डॉ. पटिला अमोसा ह्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्राध्यापिका. तेथे त्या विज्ञान शाखेच्या अधिष्ठाता झाल्या आणि पुढे कुलगुरूपदापर्यंत पोचल्या. त्यांच्या नावाआधी ‘तुइफुइसाआ’ असा मान लावतात. तो विद्यापीठाने दिलेला नाही. सामोआत कुटुंबाचा विस्तृत गोतावळा आपल्यातील जबाबदार व्यक्तीस असा मान देतो. विद्येची पदवी आणि घरच्यांचा विश्वास, दोन्ही त्यांच्या नावात एकत्र आहेत.

त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे समुद्राच्या पाण्याचे रसायन, विशेषतः त्याचे आम्लीकरण. ज्याला हिंदीत अम्ल म्हणतात, तेच मराठीत आम्ल.

कोळसा व तेल जाळल्याने जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, त्यातील सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळून त्याचे कार्बोनिक आम्ल होते. औद्योगिक युगापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक क्षुल्लक वाटेल, पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ. हे आयन पाण्यातील कार्बोनेट अडकवून ठेवतात. प्रवाळ आणि शिंपले आपले कवच त्याच कार्बोनेटपासून बांधतात, म्हणून त्यांचे काम अवघड होते. सामोआसारख्या बेटांना प्रवाळाचे कडे लाटांपासून वाचवते आणि मासळीला आसरा देते. म्हणजे तेथे रसायनशास्त्राचा प्रश्न हा घराचा आणि जेवणाचाही प्रश्न आहे.

घरी करून पाहा : अंड्याचे टरफल व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येतील आणि टरफल हळूहळू विरघळेल. समुद्र काही व्हिनेगर नव्हे, तो अजूनही अल्कधर्मीच आहे; पण आम्ल आणि कवच यांचे वैर यातून समजेल.

पालकांना एक विनंती. रसायनशास्त्र म्हणजे नुसते पाठांतर, असे समजून अनेक मुले अकरावीत विज्ञान टाळतात. दोन लाख वस्तीच्या देशातील एक स्त्री ह्याच विषयाच्या बळावर आपल्या देशाच्या प्रश्नावर अधिकाराने बोलू शकते, हे मुलांना अवश्य सांगावे. विश्वस्त मंडळींनाही विनंती, की प्रत्येक वर्गाला पीएच कागद मिळावा. ही महागडी वस्तू नाही.

आपल्यापासून समुद्र दूर असला तरी पाणी जवळच आहे. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी दर सोमवारी नळाचे, विहिरीचे आणि पावसाचे पाणी तपासावे व तारखेसह वहीत लिहावे. सागराचा अभ्यासही असाच, एकाच जागी, वर्षानुवर्षे चालतो. सत्र संपताना वह्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्याव्यात. कोणत्या पाण्यात बदल दिसला आणि तो का झाला असावा, ह्याचे उत्तर तुमच्याकडून ऐकायला मला आवडेल.

— प्राचार्य