उभीं कामें आणि आडव्या अपेक्षा

संगणकासाठीं आज्ञावली रचण्यापूर्वीं तिच्याकडून काय काय हवें आहे याची रीतसर यादी करावी लागते. या यादींतील अपेक्षा दोन प्रकारच्या असतात. कांहीं एकेका कामापुरत्या असतात. कांहीं मात्र कापडांतील आडव्या धाग्याप्रमाणें सर्व कामांतून आरपार जातात. या दुसऱ्या प्रकाराकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पोर्तुगाल देशांत १९९१ सालीं 'व्हिया व्हेर्द' म्हणजे 'हिरवी वाट' या नांवाची पथकरपद्धति सुरू झाली. आपल्याकडील फास्टॅगप्रमाणेंच तींतही मोटारीच्या कांचेवर एक लहानसें साधन असतें. नाक्यावरील यंत्र तें वाचतें, आणि कर मालकाच्या बँकखात्यांतून वळता होतो. अवैस रशीद, आना मोरेरा व झ्वांव अराउझू या संशोधकांनीं २००३ सालीं पोर्तुगालच्या पथकरव्यवस्थेचेंच उदाहरण घेऊन हा विषय मांडला.

साधनाची नोंदणी, नाका ओलांडणें, कराची आकारणी हीं उभीं कामें होत. 'उत्तर तत्काळ मिळावें', 'माहिती सुरक्षित राहावी', 'हिशेब अचूक असावा' या आडव्या अपेक्षा होत. त्या प्रत्येक कामाच्या पानावर विखरून लिहिल्या, तर एकच गोष्ट दहा ठिकाणीं पडते. पुढें नियम बदलला म्हणजे नऊ ठिकाणीं दुरुस्ती होते आणि दहावें राहून जातें.

यास्तव प्रत्येक आडव्या अपेक्षेस स्वतंत्र पान द्यावें, आणि ती कोणत्या कामास कितपत लागू आहे याचा तक्ता जोडावा. या तक्त्याचा मोठा लाभ असा कीं, अपेक्षांमधील विरोध आधींच दिसून येतो. नाक्यावरून मोटार क्षणांत पुढें जाते. कसून तपासणी करावी तर वेळ लागतो. येथें त्वरा श्रेष्ठ कीं अचूकपणा? अनधिकृत वाहन आल्यास पिवळा दिवा लागून त्याच्या क्रमांकाचें छायाचित्र घ्यावें, अशी त्या उदाहरणांत योजना आहे. घाईंत चूक झाली, तर नियमानें कर भरणारा गृहस्थ दंडास पात्र ठरेल! म्हणून हा निर्णय संबंधित मंडळींनीं कागदावरच केला पाहिजे. नाहीं तर तो आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून नकळत होऊन जातो.

या रीतीच्या मुळाशीं असलेलें तत्त्व नेदरलंडचे एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं १९७४ सालच्या एका निबंधांत सांगितलें होतें: एका वेळीं विषयाच्या एकाच अंगाचा विचार करावा, परंतु इतर अंगें विसरूं नयेत. वेगळें करणें म्हणजे टाकून देणें नव्हे.

विद्यार्थ्यांनीं स्नेहसंमेलनाची योजना याच रीतीनें करून पाहावी. नाटक, खेळ व बक्षीससमारंभ हीं उभीं कामें. खर्च, वेळ आणि सुरक्षितता हे आडवे धागे. त्यांचीं पानें निराळीं करावीं, आणि कोणत्या दोहोंचें कोठें जमत नाहीं तें आधींच शोधावें.