मसाई माराहून परतल्यावरची गोळी

जुलै-ऑगस्टमध्ये केनियाच्या मसाई मारात विल्डबीस्टचे कळप मारा नदीत उड्या घेतात आणि ते पाहायला मुंबई-पुण्याहून टूर निघतात. यलो फीव्हरची लस बहुतेकांनी घेतलेली असते, कारण भारतात परतताना तिचा दाखला लागतो. मलेरियाच्या गोळ्यांचा दाखला कोणी मागत नाही. मग त्या राहून जातात, किंवा ‘आपल्याकडे काय मलेरिया नाही?’ म्हणत टाळल्या जातात.

आहे की! पण मुंबईतला मलेरिया बहुतांशी व्हायवॅक्स जातीचा. तो पेशंटला हैराण करतो, जीव क्वचितच घेतो. आफ्रिकेत गाठ पडते ती मुख्यत्वे फॅल्सिपॅरमशी. तो मेंदूवर, मूत्रपिंडांवर घाला घालतो आणि उपचार एका दिवसाने लांबले तरी जिवावर बेतू शकते. घरच्या कपाटातली जुनी क्लोरोक्विन तिथे त्याला रोखत नाही. लहानपणी मलेरिया होऊन गेला म्हणून आता होणार नाही, हाही भ्रमच.

डॉक्टर सहसा तिघांपैकी एक औषध देतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायची, तीही जेवणानंतर किंवा दुधाबरोबर. पोटात थोडी स्निग्धता असली की ती नीट शोषली जाते. महाग आहे, पण आठवड्याभराच्या सहलीला हीच सोयीची. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, मात्र तिने कातडी उन्हात चटकन भाजते आणि गरोदर स्त्रियांना, ८ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, पण दोन-तीन आठवडे आधीपासून. नैराश्य किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

गोळ्या हमखास बंद पडतात त्या घरी पोचल्यावर. बॅगा उघडल्या, फोटो पाठवून झाले, की सहल संपली! जंतूंची मात्र संपलेली नसते. शेवटच्या रात्री डास चावला असेल, तर जंतू आधी यकृतात दडतात, साधारण आठवडाभर तिथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल त्यांना यकृतातच गाठते, म्हणून परतल्यावर ती ७ दिवस पुरते. उरलेल्या दोघींचा मारा रक्तातल्या जंतूंवर. त्या ४ आठवडे चालू ठेवाव्या लागतात.

गोळी चिलखत नव्हे. हे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, तेव्हा त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डासरोधक मलम आणि झोपताना मच्छरदाणी हवीच. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉलवर वेळ काढू नये. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच आफ्रिकेचे सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि शंका उरलीच, तर १२ ते २४ तासांनी तपासणी पुन्हा करतात.