व्यापारी लेखनात गोष्ट कशी सांगावी?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा आणि गोष्टीचा काय संबंध, असे कुणीही विचारील. गोष्टी लिहाव्यात कला शाखेच्या मुलांनी आणि आम्ही जमाखर्च लिहावा, अशी वाटणी आपल्याकडे ठरून गेली आहे. मीही तसेच समजत होते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका साध्या जाहिरात-पत्रकाने माझी चांगलीच फजिती केली. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे उमगले, ते येथे मांडत आहे.

माझे गाव बोरगाव. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, सौंसर तालुक्यात. २०२३ पासून आमचा जिल्हा पांढुर्णा. राज्य मध्य प्रदेश, पण घरात आणि शाळेत मराठी, कचेरीत आणि बाजारात हिंदी. बेळगावला आत्याकडे शिकायला आल्यापासून कानांवर कन्नडही पडू लागली आहे. आमच्या भागात संत्र्याच्या बागा पुष्कळ. बाग झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकायची, हा तिथला रिवाज. यंदा माझ्या मामांनी ठरवले की, थोडा माल तरी पेट्या भरून नागपूरच्या घरांत थेट पोचवायचा. मला म्हणाले, "तू कॉमर्स शिकतेस ना? मग पत्रक लिहून दे."

मी लिहिले : 'उत्कृष्ट दर्जाची, रसाळ, गोड नागपुरी संत्री. वाजवी दर. घरपोच सेवा. एकवार अवश्य अनुभव घ्या.' शंभर पत्रके वाटली. मागणी आली दोन पेट्यांची. त्यातली एक आमच्याच नातेवाइकांची!

मग मी दुसरे पत्रक लिहिले. या वेळी गोष्ट सांगितली. 'आजोबांनी ५० वर्षांपूर्वी लावलेली ही बाग. मे महिन्यात विहीर आटली, तेव्हा मामांनी टँकरने पाणी आणून झाडे जगवली. औषधाचा एक थेंबही या फळांना लागलेला नाही.' टँकरची हकीकत खरी होती. पण ५० वर्षे आणि औषधाचा थेंब, हे दोन्ही मी रंग भरण्यासाठी घातले होते. मागण्या आल्या, आणि एका रविवारी नागपूरचे एक गृहस्थ मुलाबाळांना घेऊन बाग पाहायलाही आले. खोपटात फवारणीचा पंप टांगलेला होता. त्यांनी विचारले, "हा कशाला?" मामांनी लपवले नाही. फळगळ थांबावी म्हणून दोनदा औषध मारले, हे सांगून टाकले. गृहस्थ काही बोलले नाहीत, पण संत्री न घेताच गेले.

संध्याकाळी मामा मला एवढेच म्हणाले, "गोष्ट त चांगली हाये पोरी, पण ते माही नोहे." त्या रात्री त्यांनी तोंडाने सांगितले आणि मी तिसरे पत्रक लिहून काढले. त्याविषयी लेखाच्या अखेरीस सांगते. प्रश्न असा पडला की, पहिल्या पत्रकात काय कमी होते आणि दुसऱ्यात काय जास्त झाले?

नांगराची गोष्ट

बेळगावला परतल्यावर याचे उत्तर मला अगदी जवळच सापडले. आपण रोज किर्लोस्कर रोडवरून जातो-येतो. १८८८ साली याच गावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान घातले. मुंबईत शिक्षकी करणारे लक्ष्मणराव तिकडून सायकली पाठवीत आणि येथे रामूअण्णा त्या विकीत. नुसती विकत नसत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. जी वस्तू लोकांनी कधी पाहिलेली नाही ती खपवायची, तर आधी तिची भीती घालवावी लागते, हा धडा या दुकानातच मिळाला असावा.

पुढे १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण शेतकरी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. किंमत कमी केली असती तर हा नांगर खपला असता काय? 'मजबूत, टिकाऊ, वाजवी' असे छापून काही साधले असते काय? नाही. कारण शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न किमतीचा नव्हताच. 'माझी जमीन नासली तर?' हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एकाच प्रकारे देता येते : अमक्या शेतकऱ्याने नांगर वापरला, त्याच्या जमिनीत असे पीक आले, जाऊन बघा. हे उत्तर म्हणजे एक गोष्टच आहे.

१९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर मूळचे चित्रकार. कारखान्याचे मुखपत्र म्हणून निघालेल्या या पत्राला हळूहळू कारखान्याशी काहीही देणेघेणे नसलेले वाचक मिळत गेले. पुढे नावातला 'खबर' शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतले एक मान्यवर मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही त्याची भावंडे जन्मली. नांगर आणि पंप विकणाऱ्या घराने वाचकाला आधी वाचण्याजोगे काही दिले, आणि त्यातून कारखान्याचे नाव त्याच्या घरात पोचले.

योगायोग असा की, अमेरिकेतही ही वाट नांगरवाल्यांनीच आधी धरली होती. इलिनॉय प्रांतातली चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटून बसे. जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ साली गुळगुळीत पोलादी नांगर करून ही अडचण दूर केली. त्याच्या नावाच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' म्हणजे 'नांगराचा तास' हे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते.

आमच्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची कापड गिरणी आहे. ही कंपनी १९२५ साली ठाण्याला सुरू झाली. तिच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती आपण पाहिल्या असतील. त्यांत सुताचा दर्जा किंवा मीटरचा भाव कुणी सांगत नाही. मायेने वागणारा एक माणूस दिसतो, आणि कापड त्याच्या अंगावर असते.

गोष्ट कशी बांधावी?

या उदाहरणांवरून मला जे नियम काढता आले, ते असे :

१. गिऱ्हाइकाच्या शंकेपासून सुरुवात करावी. आपल्या मालाच्या थोरवीपासून करू नये. शंका सापडत नसेल तर पत्रक लिहिण्याआधी चार गिऱ्हाइकांशी बोलावे.

२. गोष्टीत एक माणूस आणि एक अडचण असावी. समजा, ठिबक संचाच्या दुकानाचे पत्रक लिहायचे आहे. 'पाण्याची बचत, मजुरीची बचत' हे सगळेच लिहितात. त्याऐवजी असे लिहून पाहा : 'या शेतकऱ्याने अर्ध्या बागेला ठिबक बसवले, अर्ध्या बागेला पाटानेच पाणी दिले. मे महिन्यात विहिरीने तळ गाठला.' पुढे काय झाले, हे वाचल्याशिवाय बागायतदार कागद खाली ठेवणार नाही.

३. गोष्टीचा शेवट आकड्यावर यावा. किती पाणी लागले, खर्च किती आला, परत किती मिळाले. गोष्टीमुळे वाचक आकड्यापर्यंत येतो आणि आकड्यामुळे त्याचा गोष्टीवर विश्वास बसतो. दोहोंपैकी एकानेच भागत नाही.

४. समोर ओळखीचा माणूस आहे असे समजून लिहावे. अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफे आपल्या भागधारकांना वार्षिक पत्र लिहिताना आपल्या बहिणींशी बोलतो आहोत अशी कल्पना करीत. बहिणी हुशार आहेत, पण हिशेबातल्या तज्ज्ञ नाहीत, हे धरून. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या 'उपरोक्त विषयास अनुसरून' या भाषेला याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही.

गोष्ट कोठे सांगू नये?

बीजक, भावपत्रक, करार, थकबाकीची सूचना यांत गोष्टीला जागा नाही. तेथे वाचकाला रक्कम, तारीख आणि अट हवी असते. ताळेबंदात तर गोष्ट शिरली की लेखापरीक्षकाने कान टवकारावेत!

आणि जी घडली नाही ती गोष्ट कोठेच सांगू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तोच गुन्हा पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवली, तरी मला त्या रविवारी जे दिसले ते पुरेसे आहे. कथाकार कल्पनेने लिहितो हे वाचकाला आधीच माहीत असते, म्हणून तेथे फसवणूक होत नाही. व्यापारी लेखनात वाचक गोष्ट खरी मानून पैसे मोजतो. लिहिणारी मी असले, तरी खोपटापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागले ते मामांना.

आता ते तिसरे पत्रक. ते असे होते :

'आमची १८० झाडांची बाग आहे. मे महिन्यात विहीर आटली. २२ दिवस टँकरचे पाणी घातले. तरी फळगळ झालीच. ती थांबवायला दोनदा औषध फवारले. राहिलेले फळ यंदा आकाराने लहान आहे. पेटी आली की आधी एक फोडून खा. आवडले तरच पेटी ठेवून घ्या.' खाली नगांची संख्या, भाव आणि पोचवण्याचा वार.

या पत्रकावर १३ पेट्या गेल्या. बाग काही त्याने रिकामी झाली नाही. उरलेला माल नेहमीप्रमाणे व्यापाऱ्यालाच द्यावा लागला, हेही नमूद करायला हवे. पण त्या १३ पैकी दोन पेट्या रविवारी रिकाम्या हाती गेलेल्या गृहस्थांच्या होत्या. पत्रक मामांनी त्यांना स्वतः नेऊन दिले होते.

मराठीत 'कथा' आणि कन्नडमध्ये 'कथे'. या अंकाच्या दोन्ही विभागांतले वाचक हा शब्द लहानपणापासून जाणतात. आमच्या व्यापारी पत्रव्यवहाराच्या तासालाही त्याला थोडी जागा मिळावी, एवढीच विनंती. मृग बहाराचे पत्रक मामांनी आतापासूनच माझ्याकडे सोपवले आहे. या वेळी लिहिण्यापूर्वी मी बागेत जाऊन येणार आहे.